इंजिनाचा खोकला

माझ्या नवऱ्याचं स्वतःचं विमान आहे. हे मी पाहुण्यांना सहसा सांगत नाही, कारण सांगितलं की लोक आधी माझे कान आणि गळा बघतात, सोनं किती घातलंय ते. मग मला दोन्ही हात पसरून दाखवावं लागतं, एवढं आहे म्हणून. पिवळं, हलक्या लाकडाचं, नाकाशी मुठीएवढं इंजिन आणि इंजिनापुढे पंखा. जमिनीवर उभं राहून हातातल्या रिमोटनं उडवायचं. त्याला खेळणं म्हटलेलं नवऱ्याला चालत नाही. नवऱ्याचं नाव सुशांत. तोंडावर मी त्याला ‘तुमी’ म्हणते, पण लिहिताना एवढा मान देण्याचं मला कारण दिसत नाही.

मुंबईला तो एका कंपनीच्या तपासणी खात्यात होता. दुसऱ्यांनी केलेली वस्तू हातात घ्यायची, उजेडात फिरवून बघायची आणि ‘परत पाठवा’ म्हणायचं, हे त्याचं काम. जन्मभर हेच केलेला माणूस घरात कसा असतो ते मी सांगायला नको. माझ्या सोलकढीतही त्याला दुरुस्तीला वाव दिसायचा. कंपनीनं लवकर निवृत्ती दिली तेव्हा आम्ही देवगडजवळच्या आमच्या गावी आलो. सामानात भांडी कमी आणि विमानाचे खोके जास्त होते. दुसऱ्यांच्या वस्तू खूप तपासल्या, आता एक तरी वस्तू स्वतः बिनचूक करायची, असं त्यानं ठरवलं होतं. मी काय ठरवलं होतं ते कुणी विचारलं नाही. मी कोयता घेतला आणि बागेत शिरले.

घरामागे कातळाचा सपाट सडा आहे आणि सडा संपतो तिथे आमची हापूसची कलमं. सासूबाई गेल्यावर बाग मोकाट सुटली होती. खतं, फवारण्या, बांडगुळं काढणं, सगळं मी चुकतमाकत शिकले. झाडं माझ्यावर खूश होती. वानरं त्याहून खूश होती. सकाळी टोळी यायची, कैरी तोडायची, एक चावा घ्यायची आणि टाकायची. मग पुढची कैरी, पुन्हा एक चावा, टाकली. त्यांचाही तपासणी खात्याशी काही संबंध असावा. गेल्या वर्षी झाडावर कमी आणि झाडाखाली जास्त आंबा होता.

तेव्हा भाईंनी निकाल दिला. भाई म्हणजे माझे थोरले दीर, घरातले कर्ते. स्वतः झाडावर चढत नाहीत, पण झाडाबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा.

“ह्या वर्साक बघूया,” ते म्हणाले. “वांदरांनी परत खाल्ल्यानी, तर बाग धा वर्सांसाठी चंदन शेटाक करारान दिऊया. तो राखणे ठेवतलो. आपल्याक घरात बसान पैसे.”

चंदन हा आंब्याचा व्यापारी. माणूस वाईट नाही. पण बाग करारानं दिली की आपल्याच कलमाखाली उभं राहायचं तर राखण्याला आधी खाकरून सांगावं लागतं, हे मी शेजारच्या घरात बघितलं आहे. तिथली बाई खिडकीतून स्वतःच्या बागेकडे बघते. मला ती खिडकी नको होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातून वाढलं होतं, आणि तेच आता माझ्या हातून जाणार होतं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलून उपयोग होणारं घर नव्हतं ते. एक देव ऐकत होता आणि एक इंजिन.

मदत आली ती इंजिनाकडून.

जानेवारीत एका सकाळी सुशांत सड्यावर विमान उडवत होता. ते इंजिन तेव्हा जन्मजात दमेकरी. नाक वर केलं की त्याला इंधन पुरायचं नाही. धाप लागायची, खोकायचं, मध्येच एकदम गप्प व्हायचं आणि आता पडलं म्हणावं तर फाट्कन बार काढून पुन्हा सुरू व्हायचं. असं खोकत खोकत विमान बागेवरून गेलं आणि मी डोळ्यांनी बघितलं, सगळी टोळी पोराबाळांसकट फांद्यांवरून उड्या टाकत व्हाळाकडे, म्हणजे खालच्या ओढ्याकडे, पळाली. टोळीचा म्होरक्या, म्हातारा हुप्पा, सर्वांत पुढे. त्याला आपल्या वयाचंही भान राहिलं नाही.

“अवो,” मी धावत गेले, “ह्या इमान रोज बागेवरसून उडवा!”

“कसं उडवू?” तो म्हणाला. घरात सुशांत आमच्यासारखंच मालवणी बोलतो, पण इंजिनाचा विषय निघाला की कचेरीतली मराठी सुरू होते. “ऐकलंस ना? काय ती अवस्था इंजिनाची. माणसांत न्यायच्या लायकीचं नाही.”

“माणसांत कित्याक? वांदरांत न्हेवचा आसा.”

त्यानं रोज उडवलं. मोहोर टिकला, कणी धरली, कणीच्या सुपारीएवढ्या कैऱ्या झाल्या. वानरं सड्याच्या पलीकडूनच परत फिरायची. भाई पडवीत बसून “शाब्बास रे!” म्हणायचे. सुशांतला ती शाबासकी लागत नव्हती. इंजिन खोकलं की तो मान खाली घालायचा. पोर चारचौघांत नापास झाल्यावर बाप घालतो तशी.

मग एक दिवस विमान खोकलं, गप्प झालं आणि बार काही निघाला नाही. ते आमची शेजारीण जोहरा हिच्या वाळवणात उतरलं, वाळत घातलेल्या सुंगटांच्या, म्हणजे कोलंबीच्या, मधोमध. पंख मोडला. जोहरा आणि मी दोघी सुंगटं निवडत बसलो. वानरं दुसऱ्याच सकाळी हजर. पंख चिकटवून होईपर्यंत त्यांनी दोन कलमं मोकळी केली.

“पंप लागेल,” सुशांत म्हणाला. “इंधनाचा पंप बसवला की हे इंजिन कधी बंद पडणार नाही.”

आणि मी, बागेची काळजी वाहणारी शहाणी बाई, म्हटलं, “मगे बसवा!” बंद पडणं वाईट आणि खोकला चांगला, हे दोन्ही एकाच इंजिनाचे आहेत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्यात कुणाच्याच आलं नाही.

पंप जोहराच्या मुलानं, आदिलनं आणला. तो शारजाला असतो, सुट्टीवर येत होता. खजुराच्या खोक्यात कापसात गुंडाळलेला तो पंप बघून माझी निराशा झाली. फणसाच्या आठळीएवढा. सुशांतनं तो तळहातावर घेतला, उजेडात फिरवून बघितला आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलला नाही.

पण भाईंच्या घरात नवी वस्तू अशी थेट कामाला लागत नाही.

“आधी राखणदाराक सांगूक व्हया,” भाई म्हणाले. राखणदार म्हणजे आमच्या जागेचा रक्षणकर्ता देव. बागेच्या सीमेवर त्याचा पाषाण आहे.

“भाई, पंप आहे तो,” सुशांत म्हणाला. “राखणदाराला त्यातलं काय कळतंय?”

“तेका सगळा कळता. तुका काय व्हया ता नीट सांग म्हणजे झाला. देव दिता, पण सांगशीत तितक्याच दिता. मागसून तक्रार चलाची नाय.”

हे ऐकल्यावर सुशांतला राहवेना. देवावर त्याचा विश्वास नाही, पण अपेक्षा नेमक्या शब्दांत मांडायची म्हटली की तो हटायचा नाही. त्यानं भाईंना मुद्दे सांगितले. भाईंनी पाषाणापुढे नारळ धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं.

भाई थांबले. सुशांत गप्प होता. गाऱ्हाण्याला घरातल्या प्रत्येकानं होकार द्यावा लागतो, एकही राहिला तर भाई पुढे सरकत नाहीत. ते नारळ धरून तसेच उभे राहिले. हात दुखायला लागला असावा, पण खाली येईना.

“व्हय म्हाराजा,” शेवटी सुशांत पुटपुटला.

“आज तुज्या ह्या लेकरान इमानाच्या इंजिनाक पंप बसवक घेतलो आसा...”

“व्हय म्हाराजा!”

“तेचो खोकलो जावंदे, धाप जावंदे, नाक वर केल्यार बंद पडाक नको, आवाज एकसारखो आणि गोड रवांदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. आजही आठवलं की कानाची पाळी गरम होते.

पंप इंजिनाच्या पाठीवर बसला. इंजिनाच्या पोटात जी धडधड होते तिच्यावरच त्याच्या आतला पडदा हलतो आणि टाकीतलं इंधन ओढून पुढे ढकलतो, असं सुशांतनं मला समजावलं. टाकी आतापर्यंत नाकात होती, ती आता पंखांखाली मधोमध गेली, म्हणजे इंधन संपत आलं तरी तोल जात नाही. सगळं जोडून झालं, पंखा फिरवला, आणि इंजिन अक्षरशः इंधनात बुडालं. एरंडेलाचा पांढरा धूर, तेलाच्या चिळकांड्या, माझी अबोली तेलानं माखली. या इंजिनाच्या इंधनात एरंडेल असतं, त्यामुळे आमच्या अंगणाला तेव्हा दिवसभर बाळंतिणीच्या खोलीसारखा वास यायचा.

तीन दिवस तो डोकं धरून बसला. मग सापडलं. पूर्वी सायलेन्सरमधून एक बारीक नळी टाकीत जायची, धुराच्या दाबानं इंधन पुढे रेटायला. पंप आल्यावर ती काढायची असते. यानं ती राहू दिली होती, असूदे, मदतच होईल म्हणून.

“मागून नळी ढकलतेय आणि पुढून पंप ओढतोय,” तो म्हणाला. “एका कामाला दोन हात लागले की सत्यानाश.” नळी काढून त्यानं भोक बंद केलं. वाक्य मात्र हवेत राहिलं, आणि पुढे ते आम्हालाच लागू पडायचं होतं.

मग सुरू झालं जुळवणं. पंपाला एक इवलासा स्क्रू आहे. उजवीकडे फिरवला की इंधन जास्त, डावीकडे फिरवला की कमी. सुशांतनं त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. एका वेळी फेऱ्याचा फक्त आठवा भाग. फिरवायचं, इंजिन चालवायचं, ऐकायचं, बंद करायचं. पुन्हा आठवा भाग. इंजिन पूर्ण वेगात असताना विमानाचं नाक आभाळाकडे करून धरायचं काम माझं. तेव्हा आवाज जराही खाली आला नाही पाहिजे. तो डोळे मिटून ऐकायचा, मी दात आवळून धरायची. दोन्ही दंडांना एरंडेल लागलेलं, चुलीवर कढी उतू गेलेली.

“गो रसिका,” जोहरा दगडी गडग्यापलीकडून म्हणाली, “तुजो घोव इमान उडयता, काय तेका दूध पाजता?”

आणि एका संध्याकाळी आवाज लागला. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण तेही मला कळलं. खरखर, धाप, अडखळणं, सगळं गळून पडलं आणि एकच स्वच्छ सूर राहिला. नाक वर केलं तरी तोच, खाली केलं तरी तोच. सुशांतनं डोळे उघडले. त्यात पाणी होतं. एरंडेलाचा धूर गेला म्हणाला. मीही मान्य केलं, कारण माझ्याही डोळ्यांत धूर गेला होता. एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर लग्नातही बघितला नव्हता, आणि लग्नाचे फोटो पुराव्याला आहेत.

विमान दुसऱ्या सकाळी बागेवरून गेलं ते सरळ, गात गात. वानरं पळाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी थोडी उशिरा पळाली. चौथ्या-पाचव्या दिवशी हुप्पा मधल्या कलमाच्या शेंड्यावर बसून राहिला. विमान डोक्यावरून गेलं, त्यानं मान वळवून बघितलं, आणि विमानाकडे पाठ करून कैरी तोडली. आवाज मोठाच होता, पण एकसारखा. बंदरातल्या ट्रॉलरांचाही तसाच असतो आणि त्याला इथला कावळाही उडत नाही. वानरांना भीती वाटत होती ती पुढे काय होईल ते न कळण्याची. आता सगळं कळत होतं.

“देव पावलो,” भाई कौतुकानं म्हणाले. “सांगलेलो तसोच आवाज.” मग खालच्या कैऱ्यांकडे बघून म्हणाले, “आयतवारी चंदन शेट बाग बघूक येतलो.”

मी सुशांतकडे बघितलं. तो विमान पुसत होता. वर बघेना.

शनिवारी दुपारी घरात सगळे आडवे झाले होते. मी सुशांतच्या खोलीतून छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि विमानापाशी बसले. ठिपक्याकडे बघायचंसुद्धा धैर्य होईना. उजवीकडे आवळायला जावं तर मोडेल अशी भीती, म्हणून डावीकडे फिरवला. आठवा भाग. मग आणखी एक आठवा भाग.  तीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याच्या खिशाला हात लावला नाही, आणि हा तर त्याच्या काळजाला लावला होता. पण बागही काळीजच की, आणि ते माझं.

संध्याकाळी त्यानं विमान बाहेर काढलं.  पंखा फिरला. मी खोकल्याची वाट बघत होते.

इंजिन गायलं. तोच स्वच्छ सूर. तसूभरही फरक नाही.

मी आ वासून बघत राहिले. आणि बघते तर सुशांतही आ वासून इंजिनाकडे बघतोय. आपल्याच इंजिनानं नीट वाजावं याचा त्याला धक्का बसला होता. त्यानं इंजिन बंद केलं, वाकून ठिपका बघितला आणि सावकाश माझ्याकडे वळला.

“तू हात लावलंस?” कचेरीची मराठी गळून पडली होती.

“व्हय,” मी म्हटलं. “दोनदा. आठवो, आठवो.”

“खंय? डावीकडे?”

“डावीकडे. मोडात म्हणान आवळूक भियालंय.”

तो कातळावर मटकन बसला. “मी सकाळीच फिरवलंय,” तो म्हणाला. “उजवीकडे. दोनदा. तुका सांगूक नाय. लाज वाटली.”

म्हणजे यानं माझ्या बागेसाठी आपलं इंजिन बिघडवलं होतं, आणि मी जाऊन ते बिनचूक दुरुस्त केलं होतं. तीस वर्षांत एकमेकांना न विचारता केलेलं पहिलं चांगलं काम, तेही असं वजा होऊन शून्यावर आलं. मला हसूही आलं आणि रडूही आलं. त्यानं माझ्यासाठी तो स्क्रू फिरवला होता. त्या क्षणी मी त्याला सोलकढीसकट सगळं माफ केलं.

“मगे परत फिरवा आता,” मी म्हटलं.

तो ठिपक्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर एक सात्त्विक भाव आला, जो मी कधीच बघितला नव्हता. “रसिका,” तो म्हणाला, “माका वाटता, ही देवाची इच्छा आसा. दोघांनी बिघडवला, तरी परत थंयच इला. भाईंन गाऱ्हाणा घातल्यान मा? आता तेच्या आड आपण येवचा नाय.”

हा तोच माणूस, ज्यानं देवळातला कौल म्हणजे मूर्तीला चिकटवलेल्या ओल्या पाकळ्या आणि वारा असं भर पंगतीत सांगितलं होतं! सोयीचं होतं तेवढ्यापुरता भक्त झाला. माझा संताप टाळूला गेला. माफी मी तिथल्या तिथे परत घेतली.

पण भक्ताला भक्तासारखंच धरायचं असतं. मी तडक पडवीत गेले. “भाई, देवाक सांगलेला गाऱ्हाणा मागे घेवक येता?”

भाईंनी सुपारी कातरायची थांबवली. “येता. पण चूक कबूल करूक व्हयी. आणि सगळ्यांनी.”

रविवारी उजाडताच आम्ही तिघं पाषाणापुढे उभे राहिलो. भाईंच्या हातात नारळ, सुशांतच्या हातात विमान. वर मधल्या कलमावर टोळी न्याहारीला बसलेली.

“बा देवा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दोघंही म्हणालो.

“मागच्या खेपेक आमी अतिशाणपणान तुज्याकडे मागणा केलाव, तू लेकरांचा आयकलंस...”

“व्हय म्हाराजा!”

“पण आमचाच चुकला. पोटात घी. आता ह्या इंजिनाचो गोड आवाज आमका नको. तेका खोकलो दी, धाप दी, बार काढूची बुद्धी दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं.

माझा आवाज एकटाच गेला. भाई नारळ धरून थांबले. सुशांतनं विमान छातीशी धरलं होतं. त्याचा अंगठा इंजिनावरून फिरत होता. भाईंनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. मी वर टोळीकडे बघितलं. बोलले असते तर तो नाही म्हणाला असता, एवढं मी ओळखते त्याला. वरून एक कैरी आली आणि आमच्या तिघांच्या मध्ये पडली, एक चावा घेतलेली. त्यानं ती उचलली, सवयीनं उजेडात फिरवून बघितली, आणि नंतर माझ्याकडे बघितलं.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला. पुटपुटला नाही, नीट म्हणाला.

नारळ फुटला. सुशांतनं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. कुणाला हात लावू दिला नाही. उजवीकडे एक आठवा भाग, दुसरा, आणि थोडं थांबून तिसरा. मग विमान सोडलं. ते सड्यावरून उठलं, खोकलं, गुदमरलं, गप्प झालं, आणि मधल्या कलमाच्या डोक्यावर येऊन असा बार काढला की भाईंच्या हातातली करवंटी खाली पडली. हुप्पा फांदी सोडून उडाला तो व्हाळातच दिसला. मी टाळ्या पिटल्या. मग सुशांतकडे बघितलं आणि टाळ्या थांबवल्या. त्याची मान खाली होती. मला बाग मिळाली याचा आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली, दोन्ही एकदम. बाग कशाच्या बदल्यात मिळाली ते समोरच उभं होतं.

चंदन दहाच्या सुमारास आला. बागेतून फिरला, झाडांवर भरलेली फळं बघितली, आभाळातलं खोकणारं पिवळं विमान बघितलं. “सुशांतभाऊ, तेवढं इंजिन जरा नीट करून घ्या,” तो जाताना भलेपणानं म्हणाला. सुशांत “हो” म्हणाला. तपासणी खात्याच्या माणसाला एवढं ऐकून घ्यावं लागलं. बागेत एक वानर नव्हतं, त्यामुळे भाईंनी करार केला नाही.

त्या हंगामात तो रोज सकाळ-संध्याकाळ ते खोकणारं इंजिन उडवत राहिला. कानात कापूस घालून. मी जाळी लावलेल्या काठीनं, झेल्यानं, आंबे काढत होते, पेट्या भरत होते, आणि प्रत्येक बाराला मनात म्हणत होते, अजून थोडेच दिवस. सोलकढीबद्दल तो त्या काळात एक शब्द बोलला नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मेअखेरीला शेवटची पेटी टेम्पोत चढली. टेम्पो वळणाआड गेल्यावर मी घरात आले, छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि त्याच्या हातात दिला. “करा,” मी म्हटलं.

“गाऱ्हाणा?” त्यानं विचारलं.

“भाईंका मी सांगतंय. तुमी करा.”

ठिपका जागेवर आला. मी नाक आभाळाकडे करून धरलं. त्यानं कानातला कापूस काढून खिशात ठेवला. सूर लागला तसा विमान सोडलं, आणि ते रिकाम्या बागेवर गात गात फिरायला लागलं.

तेवढ्यात व्हाळाकडून टोळी आली. हुप्पा, बायका, पोटाला पिल्लं. मी सवयीनं दगड उचलला. झाडावर एक फळ नव्हतं, पण ती मधल्या कलमावर चढून ओळीनं बसली. काही तोडेनात, काही टाकेनात. विमान इकडे गेलं की माना इकडे, तिकडे गेलं की तिकडे.

“कित्याक इली गो ही?” सुशांत आभाळावरची नजर न काढता म्हणाला. “हंय आता खावक काय नाय.”

“आयकूक इली आसतली,” मी म्हटलं.

त्यानं रिमोटवर अंगठा सरकवला. विमानानं एक मोठा, सावकाश फेरा घेतला, मुद्दाम त्या कलमाच्या जवळून. मी दगड खाली ठेवला.